बकुळाची नर पपई

बकुळा ऑफिसात खोटं बोलली आहे, आणि खोटं बोलणं तिच्या अंगात नाही. म्हणून काळजी वाटते. निर्ढावलेल्या माणसाला खोटं पचतं. हिला पचणार नाही, हे मी तिची आई म्हणून सांगू शकते.

बकुळा माझी थोरली मुलगी. देवासला एका खाजगी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या दिवाळीत तिच्या ग्रीनहाउसमधलं एक पपईचं झाड नाहीसं झालं. मूळ सडलं म्हणून मी ते उपटून जाळलं, असं तिनं साहेबांना सांगितलं. प्रत्यक्षात ते झाड तिच्या वडिलांनी काढलं. आणि ते जळलेलंही नाही. इथं धारला, आमच्या परसात, विहिरीच्या अंगाला उभं आहे. यातली पहिली गोष्ट बकुळाला ठाऊक आहे, दुसरी नाही. तिच्या वडिलांना दुसरी ठाऊक आहे, पण आपण काय काढून आणलं ते त्यांना कळलेलं नाही. दोन्ही बाजू माहीत असलेली मी एकटीच.

हे सगळं समजायला बकुळा कशी आहे ते आधी सांगायला हवं.

तिचे वडील, त्यांना घरात आणि गावात सगळे अण्णा म्हणतात, उद्यान विभागात होते. त्यांच्या आजोबांकडे दरबारच्या बागांची देखरेख होती, त्यामुळे झाडांचं वेड घरात आधीपासूनच. बकुळा लहानपणी अण्णांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून रोपवाटिकांना जायची. बाकीच्या मुली बाहुल्यांची लग्नं लावत, तेव्हा ही पेरूच्या फांद्यांना कलमाची गुटी बांधत बसलेली असे. एकदा तिच्या हातून अण्णांनी बांधलेलं आंब्याचं कलम मोडलं. कुणी पाहिलेलं नव्हतं. मोडलेला तुकडा हातात घेऊन ती दुपारभर फाटकापाशी उभी राहिली आणि अण्णा आल्याबरोबर म्हणाली, "मी मोडलं." अण्णा हसले, पण ती रात्री जेवली नाही.

शाळा हिंदीतली. मराठी बोलते चांगली, वाचताना मात्र अडखळते. इंदूरला एम.एस्सी.साठी राहायला गेली तेव्हा मला पत्रं हिंदीत लिहायची. अण्णांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्कांना, त्याचा फार राग. त्या म्हणायच्या, "मराठ्याची पोर आणि आईला 'पूज्य माताजी' लिहिते. उद्या नवऱ्याला 'श्रीमानजी' लिहील."

"नवरा तर मिळू दे आधी," बकुळा म्हणायची.

नोकरी देवासला लागली. सुरुवातीला केळीची रोपं बाटल्यांत वाढवायचं काम होतं. एका कोंबाचे दोन, दोनाचे चार. पांढरा कोट, तोंडाला फडकं, समोर स्पिरिटचा दिवा. दिवसभर कापायचं आणि बाटलीत लावायचं. तिचा हात चांगला म्हणून साहेबांनी, डॉक्टर तोमरांनी, तिला पपईच्या कामावर घेतलं.

त्या काळात आमच्या बाजूला पपईला रोग लागला होता. पानं चिंध्यांसारखी व्हायची, फळांवर गोल गोल चट्टे उठायचे. मावा नावाचा बारीक किडा एका झाडावरून दुसऱ्यावर रोग नेतो, त्यामुळे एकदा शिरला की सगळी बाग जाते. औषध नाही. अण्णांनी नोकरीत असताना धारपासून टोंकखुर्दपर्यंत कितीतरी लोकांना पपई लावायला सांगितलं होतं, आणि निवृत्त होण्याआधीची दोन वर्षं त्याच लोकांना झाडं उपटायला सांगण्यात गेली. ते त्यांना लागलं. बकुळानं हे काम घेतलं त्यामागे हेही असणार. ती तसं कधी बोलली नाही.

कामाचं स्वरूप तिनं मला समजावलं ते असं. त्या रोगाच्या विषाणूचा एक लहानसा अंश, एक जनुक, पपईच्या पेशीत घातला तर झाड त्या रोगाला दाद देत नाही. पण पेशीत घालायचा कसा? तर सोन्याची धूळ घ्यायची, पिठीपेक्षाही बारीक, डोळ्यांना दिसणारच नाही इतकी. तिच्यावर ते जनुक चढवायचं आणि ती धूळ पपईच्या कोवळ्या गोळ्यांवर जोरानं मारायची. त्यासाठी एक यंत्र असतं. त्याला तिथं सगळे 'गन' म्हणतात.

आम्ही दोघं एकदा बघायला गेलो होतो. बंदुकीसारखं त्यात काहीच नव्हतं. लहान कपाटाएवढी पेटी, दाराला काच, बाजूला हेलियमचं नळकांडं. बकुळानं काचेच्या बशीत पांढुरकी कणीकणी पसरलेली दाखवली. म्हणाली, "यातल्या प्रत्येक कणीतून झाड होऊ शकतं." बशी पेटीत ठेवली, दार लावलं, आतली हवा काढून घेतली. मग काटा चढत गेला, आत प्लास्टिकची एक पातळ चकती होती ती फाटली आणि फट् आवाज झाला. सायकलची ट्यूब फुटल्यासारखा. संपलं.

अण्णा म्हणाले, "बस? इतकंच?"

"इतकंच. आता बघत बसायचं. बहुतेक पेशी मरतात. उरतात त्यांतल्या बहुतेकांत काही गेलेलंच नसतं."

"मग फायदा?"

"एखादी निघते, अण्णा."

घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, पोरगी नेमकं करते काय? अण्णांनी आपल्या परीनं सांगितलं. अक्का ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे पपईला सोन्याच्या छऱ्यांनी मारते. आणि मुलाकडच्यांना मी हे सांगू? आधीच ते विचारतात मुलगी उशिरा का घरी येते."

सांगावं लागलंच. बागलीचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या मामानं सरळ विचारलं, "बेटी, नोकरी में करती क्या हो?" बकुळानं सांगितलं. तो चांगलाच घाबरला. "मतलब घर में भी कुछ लाना ले जाना तो नहीं होता ना?" ही म्हणाली, "एक पत्ता भी बाहर नहीं ला सकते. नियम है." तो नियम तेव्हा आम्हांला नुसता सरकारी ऑफिसातल्या पाटीसारखा वाटला होता. ते लोक परत आले नाहीत. बकुळाला त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तिनं दिसू दिलं नाही.

कामाला वर्षं गेली. गन मारायची, कण्या औषधावर ठेवायच्या, ज्यांत जनुक गेलं नाही त्या पांढऱ्या पडून मरतात, हिरव्या राहतील त्या उचलायच्या. त्यांतून रोपं करायची. एका उन्हाळ्यात वीज सारखी जाऊ लागली, खोली तापली आणि बाटल्यांत बुरशी शिरली. राखून ठेवलेल्या सगळ्या बाटल्या गेल्या. ग्रीनहाउसमध्ये कुंड्यांत आधीच लावलेली रोपं तेवढी राहिली. त्यांच्यावर बकुळानं रोगट पानांचा रस चोळला, कोणतं टिकतं ते बघायला. एकेक करून सगळ्यांची पानं चिंध्या झाली. जाळीजवळच्या कोपऱ्यातलं एक झाड मात्र तसंच हिरवं राहिलं. तिनं पुन्हा रस चोळला. पुन्हा काही नाही.

त्या आठवड्यात तिनं फोन केला होता. "आई, निघालं एक," एवढंच म्हणाली. मी अण्णांना सांगितलं, तर ते दारातूनच ओरडले, "कसलं निघालं? स्थळ?"

त्या झाडाचे कोंब घेऊन बाटल्यांत वाढवायचं, असं दिवाळीनंतरसाठी ठरलं होतं. दिवाळीच्या आधी बकुळाला कावीळ झाली.

आम्ही दोघं देवासला गेलो. तिच्या खोलीत तिघांना जागा नव्हती, पण घरमालकीण रुक्मिणीबाई साताऱ्याकडच्या, कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आलेलं कुटुंब. त्यांनी खालची खोली उघडून दिली. ग्रीनहाउसचा माणूस सणाला गावी गेला होता. तिथली किल्ली बकुळाकडे. ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असा नियम होता, पण झाडांना पाणी कोण घालणार? ताप अंगात असताना तिनं किल्ली अण्णांना दिली. "फक्त पाणी," म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नका. काही बाहेर आणायचं नाही." अण्णांना जरा मजाच वाटली. मुलगी आता आपल्याला पाणी घालायला शिकवते.

पपईची एक गोष्ट ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पपईत नर झाड वेगळं असतं, मादी वेगळं. फुलं आल्याशिवाय कळत नाही. नराची फुलं लांब देठांवर लोंबतात आणि त्याला फळ धरत नाही. म्हणून बागेत फुलं दिसली की नर उपटतात, परागासाठी एखाददुसरा ठेवतात. अण्णांनी हे जन्मभर केलं, लोकांना शिकवलं. रस्त्यानं जाताना परक्याच्या कुंपणात नर दिसला तर थांबून सांगायचे, "भिया, इसको निकालो, मुफ्त का खा रहा है." आमच्या शेजारच्या जमुनाबाई म्हणतात, अण्णांना देवळातसुद्धा नर दिसेल.

ते ग्रीनहाउसवरून दिवेलागणीला परत आले ते खुशीत.

"पाणी घातलं. आणि तुझी साफसफाईही करून टाकली," बकुळाला म्हणाले. "इतके शिकलेले लोक तुम्ही, नर पोसत बसलाय? काढले मी."

बकुळानं उशीवरून मान उचलली. "कोणते नर?"

"फुलं लोंबत होती ते. आणखी कोणते?"

"जाळीजवळचा?"

"तो तर अगदीच. हा एवढा मोहोर. मादी एक नाही आसपास आणि ह्याचा थाट बघ."

"कुठं टाकले, अण्णा?"

"मागच्या खड्ड्यात. तिथंच टाकतात ना? बाहेरच्या बागेतले माळी तसंच म्हणाले."

बकुळा "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. माझ्याकडे पाणी मागितलं. अण्णा धोतराला लागलेली माती झटकत होते. त्यांना वाटलं, ताप आहे.

अण्णा दुसऱ्या दिवशी धारला परतले, मी तिच्याजवळ राहिले. ते गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. ती रडली नाही. सांगताना तिची नजर पंख्यावर होती. नर असला तरी ते झाड तेच होतं. उलट नराचे पराग कितीही मादी झाडांना लावता आले असते. खड्ड्यातलं सगळं रोज संध्याकाळी जाळून टाकायचा नियम असल्यामुळे ते तेव्हाच जळालं असणार.

"साहेबांना सांगून टाक," मी म्हणाले. "आजारी होतीस. वडिलांकडून चूक झाली."

"किल्ली मी दिली, आई. आणि अण्णांना कळलं तर?"

"कळलं तर काय?"

"ते पुन्हा कुठल्या झाडाला हात लावणार नाहीत."

तिनं मला शपथ घातली. बरी होऊन कामावर गेली आणि मूळ सडल्याची गोष्ट सांगितली. तोमरसाहेब रागावले नाहीत, पण त्यांचा विश्वास बसला नसावा. एवढं महत्त्वाचं झाड, आणि त्याचा एक कोंबही राखून न ठेवता जाळलं? हिनं? काही दिवसांत तिला परत केळीच्या बाटल्यांवर बसवलं. तेव्हापासून ती धारला आलेली नाही. संक्रांतीला सुट्टी नव्हती, होळीला काम होतं, अक्कांच्या सहस्रचंद्रदर्शनालाही नाही. अण्णा विचारतात, "ही माझ्यावर कशावरून रुसलीय का?" मी म्हणते, छे.

मी धारला परतले तेव्हा परसात विहिरीजवळ एक नवीन झाड होतं. थंडी लागू नये म्हणून अण्णांनी त्यावर तुरकाठ्यांचं छप्पर केलं होतं, भोवती गोणपाट गुंडाळला होता. अण्णा कुठून ना कुठून रोपं आणतच असतात. मी विचारलं नाही. आमच्याकडे दोन माद्या होत्या आणि त्यांना नर नव्हता, एवढं मला माहीत होतं.

उन्हाळ्यात रोग आमच्या गल्लीत आला. जमुनाबाईंची झाडं पिवळी पडली, मग आमच्या दोन्ही माद्यांच्या पानांच्या चिंध्या झाल्या. धरलेली फळं मात्र टिकली. एका सकाळी मी पाणी काढायला गेले तर अण्णा त्या नराखाली उभे, चष्मा कपाळावर, पान उलटंपालटं करून बघत होते.

"ह्याला काही होत नाही," ते म्हणाले. "मावा बसतोय, तरी काही नाही. मी असं झाड बघितलेलं नाही."

"आणलं कुठून हे?"

ते जरा घुटमळले. "देवासहून."

"देवासहून म्हणजे?"

"अगं, फेकायचाच होता. इतका धट्टाकट्टा नर, आणि आपल्या घरी नर नाही. कुंडीतून मुळासकट गड्डा काढला, पानं छाटली, ओल्या पोत्यात बांधला. रात्रभर रुक्मिणीबाईंच्या जिन्याखाली ठेवला. बसमध्ये दोन्ही पायांत धरून आणला. कंडक्टर म्हणाला, दादा, पोतडी में क्या है? म्हटलं, पाहुना." मग हळूच, "बकुळाला सांगू नकोस. तिनं नको म्हटलं होतं. त्यांचे आपले नियम असतात."

मी बादली खाली ठेवली. त्यांना सगळं सांगावं तर शपथ होती, आणि सुरुवात कुठून करायची हेही कळत नव्हतं.

त्यानंतर मी तीन प्रकारे विचार करून बघितला. झाड तोडून टाकावं, म्हणजे कुणालाच काही कळणार नाही. एकदा कोयता घेऊन गेलेही. पण ते बकुळाच्या एवढ्या वर्षांचं काम आहे, आणि ते मी कोयत्यानं संपवायचं? गप्प राहावं, तर एक ना एक दिवस ते झाड आपोआप मरेल. नर पपई किती जगते? किंवा सांगावं. सांगितलं तर बकुळाला तिचं झाड मिळेल, पण किल्ली दिल्याचं, खोटं बोलल्याचं आणि ते झाड नियम मोडून इतके महिने उघड्यावर राहिल्याचं साहेबांना सांगावं लागेल. नोकरी जाऊ शकते. आणि अण्णांना कळेल.

गप्प राहण्याकडे माझा कल होता. खरं सांगायचं तर तेच चाललं होतं.

पण मागच्या आठवड्यात बकुळाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पपईचं काम बंद करताहेत, आई. ह्या महिन्यात ठरेल. हातात काही उरलेलं नाही म्हणतात." मग, "बरंच झालं. केळी सोपी असतात." तिचा आवाज अगदी सपाट होता.

आणि आज दुपारी अण्णांनी माद्यांची पिकलेली फळं उतरवली. बिया काढल्या, राखेत घोळल्या, सावलीला पसरल्या. परागीभवन ह्याच नरापासून झालंय, दुसरा नर गल्लीत शिल्लक नाही, तेव्हा ह्याचा गुण बियांत उतरला असणार, असं त्यांचं म्हणणं. जे बकुळा सोन्याच्या धुळीनं करू पाहत होती, ते देवानं आपल्या परसात आपोआप करून ठेवलं, असं ते जेवताना म्हणाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना इतकं आनंदात मी पाहिलेलं नाही. त्यांचे जुने सहकारी रघुजी सरकारी रोपवाटिकेत आहेत. ते परवा येणार आहेत. अर्ध्या बिया त्यांना, अर्ध्या जमुनाबाईंच्या भावाला मोहनखेड्याला.

"टोंकखुर्दच्या लोकांनाही देऊ," म्हणाले. "मीच त्यांची उपटायला लावली होती."

मी ताटावरून उठले.

बकुळानं एकदा समजावलं होतं की असं झाड बाहेर का जाऊ द्यायचं नाही. ते कसं वागेल, खाणाऱ्याला सोसेल का, दुसऱ्या झाडांत किती पसरेल, हे तपासायला वर्षं लागतात, आणि तपासण्याआधी एक बी जरी बाहेर गेलं तरी ते परत बोलावता येत नाही. ती कधी मोठे शब्द वापरत नाही, पण हे तिनं दोनदा सांगितलं होतं. त्या बिया आता माजघरात वर्तमानपत्रावर वाळताहेत. रघुजी आले की गप्प राहण्याचा मार्ग संपला. आणि ज्या झाडाला रोग लागत नाही ते झाकून राहायचं नाही. आधी रोपवाटिकेत चर्चा होईल, मग हे कुठून आलं म्हणून विचारतील, आणि अण्णा अभिमानानं देवासचं नाव घेतील. तेव्हा साहेबांना बकुळाकडून कळलेलं नसेल. तिचं खोटं दुसऱ्या कुणीतरी उघडं पाडलेलं असेल. तिच्या वाट्याला तेवढं तरी येऊ नये.

सकाळी बकुळा कामावर निघण्याआधी रुक्मिणीबाईंकडे फोन लावायचा आणि तिला खाली बोलवायला सांगायचं. अण्णा दूध आणायला जातात ती वेळ सोयीची होती, पण तेव्हा नको. ते चहा घेत समोर बसलेले असतानाच लावते. आधी बकुळाला सांगीन की झाड जिवंत आहे. मग रिसीव्हर अण्णांच्या हातात देईन.